विषयाचं बंधन नाही

कोसमटोल्याच्या संरक्षण कुटीत ९ मार्चला सकाळी साडेसहा वाजता वनपाल ज्योत्स्ना नैतामनं पाच ओळींचा आदेश वाचून दाखवला आणि दाराच्या आतल्या बाजूला डकवला. पहिल्या चार ओळी वणव्याच्या दिवसांत दरवर्षी असतात तशाच होत्या. पाचवी नवी होती. कामाच्या वेळेत कुटीत, गस्तीवर किंवा मोबाइलच्या ग्रुपवर कोणीही राजकीय विषयावर बोलणार नाही.

ऐकायला चौघं उभे होते. वनरक्षक प्रफुल गुरनुले, दुसऱ्या बीटची वनरक्षक दीपाली शेंडे, वनमजूर मंगरू उसेंडी आणि कुटीची राखण व स्वयंपाक पाहणारे लटारूभाऊ.

"मॅडम, गायडोंगरी म्हनलं त चालते का?" मंगरूनं विचारलं.

"डोंगराचं नाव आहे. चालेल."

"अन् गायडोंगरीची खान?"

"नाही."

"म्हंजे डोंगर चालते, डोंगराच्या पोटातलं नाई चालत."

दीपाली खाली बघून हसली. प्रफुल हसला नाही. त्यानं काठी उचलली, पाण्याची बाटली खांद्याला अडकवली आणि तो पायरी उतरून गस्तीच्या वाटेला लागला. मंगरू कुऱ्हाड घेऊन मागून निघाला.

आदेशाला कारण होतं. सहा दिवसांपूर्वी, ३ मार्चला, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी उपग्रहावरून आगीचा इशारा आला होता. ज्योत्स्ना तेव्हा रेंज ऑफिसात बैठकीला होती. तिनं तो त्याच मिनिटाला राऊंडच्या, म्हणजे तिच्या ताब्यातल्या सगळ्या बीटांच्या, ग्रुपवर टाकला. ग्रुपवर त्या वेळी खाण चालू होती. गायडोंगरीवर लोखंडाची खाण व्हावी की नाही, यावर झालेल्या जनसुनावणीचा व्हिडिओ प्रफुलनं टाकला होता आणि मंगरू त्याला आवाज रेकॉर्ड करून उत्तरं देत होता. तासाभरात चौसष्ट मेसेज झाले. त्यात आगीचा इशारा एकोणिसावा होता. कटकट नको म्हणून दीपालीनं ग्रुप म्यूट केला होता. आग कळली ती दोन पंचावन्नला, तीही गावातल्या एका बाईनं धूर बघून फोन केला म्हणून. चार हेक्टर जळालं.

दुसऱ्या दिवशी रेंजरसाहेबांनी ज्योत्स्नाला बोलावलं. साहेब सोलापूरकडचे होते, आवाज चढवत नसत.

"नैताम मॅडम, एक खाणवाला आणि एक खाणविरोधी. वर जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर. एकाच बीटवर ठेवायचे कशाला?"

"नऊ वर्षं एकत्र आहेत, सर. कामात चोख आहेत."

"चार हेक्टर गेले." साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "मजुरांची पुढच्या वर्षाची यादी ३१ मार्चला जाते. तोपर्यंत बघा. नाहीच जमलं तर एक नाव द्या मला."

कोणतं नाव, हे दोघांनाही माहीत होतं. वनरक्षकाची बदली करायची तर प्रस्ताव विभागापर्यंत जावा लागतो. मजुराचं नाव यादीत लिहायचं राहिलं की काम झालं, त्यासाठी कागदही लागत नाही. मंगरू अकरा वर्षं त्या यादीत होता. कधीतरी कायम होऊ, या आशेवर त्यानं गावाबाहेरचं दुसरं काम धरलं नव्हतं. यादीतून एक वर्ष गळालं की अकरा वर्षं गळाली, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

म्हणून ज्योत्स्नानं पाचवी ओळ लिहिली. मंगरूला वाचवायचा तोच रस्ता तिला दिसत होता.

तिची अठरा वर्षांची नोकरी झाली होती आणि या काळात तिनं स्वतःचं मत कोणाला कळू दिलं नव्हतं. वडील भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, ती तिथल्या कॉलनीत वाढली. त्यामुळे प्रफुलला खात्री होती की कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेली बाई खाणीच्या बाजूनंच असणार. आडनाव नैताम, म्हणजे गोंड, त्यामुळे मंगरूला खात्री होती की डोंगरावरच्या पेनठान्याला, देवाच्या जागेला, हात लागलेला तिला चालणार नाही. दोघांचाही समज तिनं तसाच राहू दिला होता. राऊंड चालवायला ते सोयीचं पडत होतं.

आदेश पाळला गेला. नुसता पाळला गेला असं नाही, तर पुरता पाळला गेला. ग्रुपवर आता फक्त आगीचे इशारे, हजेरी आणि पाणवठ्याचे फोटो येऊ लागले. प्रफुल आणि मंगरू सकाळी निघत, अकरा किलोमीटरची फेरी करून परत येत, जेवत आणि आपापल्या खाटेवर पडत. त्या दोघांना एकमेकांशी बोलायला दुसरा विषयच नव्हता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

आकडे चांगले होते. गस्तीची वाट मोबाइलवर नोंदली जाते, वेळेसकट. पूर्वी या फेरीला सरासरी तीन तास पन्नास मिनिटं लागत. आता तीन तास दहा मिनिटं लागत होती. वन्यप्राण्यांचं प्रत्यक्ष दर्शन, हा रकाना पूर्वी आठवड्यात जेमतेम एकदोनदा भरला जाई. आता तो रोज भरू लागला. गवा, नीलगाय, भेकर, दोनदा अस्वल, एकदा पिल्लासह अस्वल. १६ मार्चच्या बैठकीत साहेबांनी कोसमटोल्याचं नाव घेतलं. "शिस्त आली की नजरही येते," ते म्हणाले. ज्योत्स्नानं परत येऊन प्रफुलला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तो म्हणाला, "हो जी." एवढंच.

तक्रार फक्त लटारूभाऊंची होती.

"बाई, चहा कवा ठेवाचा ते आता समजत नाई."

"म्हणजे?"

"पयले ते बेलनाल्याजवळ आले का इथपर्यंत आवाज ये. प्रफुल म्हने तू येडा, मंगरू म्हने तुया नेता येडा. तो आवाज आला का मी चुलीवर चहाचा गंज ठेवो. ते इथी येवोपर्यंत चहा उकळे. आता पायतो त भुतासारखे दारात उभे."

"बरं आहे की. शांतता आहे."

"शांतता आहे बाप्पा. चहा नाई."

ज्योत्स्नानं त्यांना घड्याळ बघून चहा ठेवायला सांगितलं. लटारूभाऊंकडे घड्याळ नव्हतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मोह गळायला लागला. या दिवसांत पहाटेपासून जंगलात बायकापोरं टोपल्या घेऊन असतात, आणि त्यांच्या आधी अस्वल येऊन गेलेलं असतं. मोह गोळा करायला झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात. म्हणून याच दिवसांत गस्त सकाळी लवकर सुरू होते आणि मोहाच्या झाडांवरूनच जाते.

२४ मार्चला, सकाळी सात चाळीसला, बेलनाल्याच्या वरच्या अंगाला मोहाची पाच झाडं आहेत तिथं प्रफुल पोहोचला. मंगरू तीस पावलं मागे होता. झाडांपैकी एकाची जुनी फांदी मोडून आडवी पडलेली होती आणि तिच्या पलीकडे तोंड खाली घालून अस्वल मोह खात होतं. प्रफुलला ते दिसलं तेव्हा मध्ये सहा पावलं होती. अस्वलालाही तो तेव्हाच दिसला. ते पळायला वळलं नाही, सरळ अंगावर आलं. प्रफुलनं डावा हात आडवा धरला, तो अस्वलाच्या तोंडात गेला. खाली पडल्यावर मांडी नखांत सापडली.

मंगरू ओरडत धावला आणि कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे दांडा, स्टीलच्या बाटलीवर हाणत सुटला. अस्वल सोडून पळालं. सगळं मिळून वीस सेकंदांच्या आतलं होतं. मंगरूनं दुपट्ट्यानं हात बांधला, बनियन काढून मांडी बांधली, आणि प्रफुलला पाठीवर घेऊन दीड किलोमीटरवरच्या गाडीरस्त्यापर्यंत आणलं. गाडी घेऊन दीपाली आली. तिनं नंतर सांगितलं की गाडीत पहिली दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग प्रफुल म्हणाला, "पाणी दे बे." मंगरू म्हणाला, "पी." पंधरा दिवसांत ते दोघं एकमेकांशी एवढंच बोलले होते.

गडचिरोलीच्या दवाखान्यात सत्तावीस टाके पडले. हात वाचला.

साहेब दुपारी आले. प्रफुलला बघून व्हरांड्यात आले आणि ज्योत्स्नाला बाजूला घेऊन म्हणाले, "गस्तीत दोघांत पाच पावलांपेक्षा जास्त अंतर नको, हा नियम आहे ना?"

"आहे, सर."

"मजूर तीस पावलं मागे होता. हा सरळ निष्काळजीपणा आहे. अहवाल २७ पर्यंत द्या." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचंही अवघड काम सोपं झालं. आता नाव शोधत बसायला नको."

२५ तारखेला ती प्रफुलचा जबाब घ्यायला गेली. खाटेशेजारी त्याची बायको रिना डबा उघडून बसली होती. ज्योत्स्नानं कागद मांडीवर घेतला.

"अंतर का पडलं?"

"मी पाडलं, मॅडम. तो मागं नाई राह्यला, मी पुढं निघालो."

"कशासाठी?"

प्रफुलनं छताकडे बघितलं. "बोलाचं नाई म्हनल्यावर त्याच्या बाजूनं चालून का करू? तोंड बंद ठेवून माणसाच्या बाजूनं चालनं लय कठीन असते. दूर चाललं का बरं वाटे."

"घरी बी चूपच," रिना डब्यातून नजर न काढता म्हणाली. "नऊ वर्स झाले, रोज येऊन सांगे, आज मंगरूले असा चूप केला अन् तसा चूप केला. मले यांच्या पक्षाचं कमी अन् मंगरूभाऊच्या पक्षाचं जास्त पाठ आहे. हे पंधरा दिवस नुसता भात खाऊन झोपे."

"तू चूप बस."

"बसली."

ज्योत्स्नानं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "प्रफुल, नऊ वर्षांत तू अस्वल किती वेळा पाहिलंस?"

"या बीटवर? चार वेळा. तेही दुरून, पाठ फिरवून जातानी."

"आणि या पंधरा दिवसांत?"

"कालचं धरून सहा." तो आता तिच्याकडे बघत होता. "तुमीच त शाबासकी देल्ली."

तिनं तो आकडा कडेला लिहून घेतला. रिनानं डब्याचं झाकण लावलं. ज्योत्स्ना निघाली तेव्हा प्रफुल म्हणाला, "मॅडम, लिवून घ्या. मंगऱ्याची चुकी नाई. पन खान व्हायलेच पायजे. हेही लिवा."

"ते जबाबात बसत नाही."

"मंग राहू द्या."

संध्याकाळी कुटीवर येऊन तिनं दीड वर्षाच्या गस्तीच्या नोंदी काढल्या. प्राणिगणनेच्या वेळी एका सरळ रेषेवर मुक्यानंच चालायचं असतं. त्या दिवसांत दर्शनं वाढलेली होती, ते अपेक्षित होतं. बाकी सगळे महिने रकाना जवळजवळ रिकामा होता. ९ मार्चपासून तो भरलेला होता. जनावरं वाढली नव्हती आणि नजरही तीक्ष्ण झाली नव्हती. माणसं येत असल्याचं जनावरांना आधी कळत असे, ते कळायचं बंद झालं होतं. चाळीस मिनिटं वाचली होती ती भांडताना थांबण्याची. प्रफुलला मुद्दा पटवायचा असला की तो वाटेत उभा राहत असे, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिनं मंगरूला बोलावलं. तो पायरीवरच बसला.

"मोहाच्या दिवसांत गप्प चालू नये, हे तुला माहीत होतं?"

"लहान पोट्ट्यालेही माहीत आहे, मॅडम. आमच्या बाया टोपली घेऊन निघाल्या का गानं म्हनते. गानं नसन येत त एकमेकीच्या सासूले शिव्या देते. अस्वलाचं तोंड खाली राह्यते. त्याले दिसते कमी, ऐकू कमी. वास घेते, पन वारा उलटा असला त वासबी नाई. आपन सांगाव लागते, बाप्पा आमी येऊन राह्यलो, तू जाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

मंगरूनं कुऱ्हाडीच्या तुंब्यावरून अंगठा फिरवला. "तुमी इचारलं नाई. अन् सही होती ना तुमची कागदावर. मले वाटे, बाई आपल्याकडची आहे, काई इचार करूनच लिवलं असन." मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "माझं नाव काटनार आहे म्हने यादीतून?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हनून राह्यले."

"अजून कोणी काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

अहवालाचा नमुना छापील होता. तारीख, वेळ, कक्ष क्रमांक, जखमीचं नाव, जखमांचं वर्णन, सोबत असणाऱ्यांची नावं. अकरावा रकाना होता : घटनेचं कारण. त्यासमोर दीड ओळीची जागा होती. निष्काळजीपणा हा शब्द तिथं बरोबर बसला असता. साहेबांनाही तो हवा होता आणि तो खोटाही म्हणता आला नसता, कारण अंतर तीस पावलांचं होतंच. ज्योत्स्नानं कुटीच्या टेबलावर तो रकाना दुपारपर्यंत रिकामा ठेवला. मग जागा पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला.

तिनं लिहिलं की या बीटवरचे दोन कर्मचारी नऊ वर्षं गस्तीत मोठ्यानं बोलत चालत असत आणि त्यामुळे प्राणी वाटेतून आधीच दूर होत. दिनांक ९ मार्चच्या आदेशानं हे बोलणं बंद झालं. त्यानंतर प्रत्यक्ष दर्शनं वाढली, त्याचा तक्ता सोबत आहे. हा धोक्याचा इशारा होता, तो मी, राऊंड प्रमुखानं, चांगलं काम म्हणून वर कळवला. दोघांमधलं अंतर आदेशाचा परिणाम म्हणून पडलं. आदेश माझा होता. ३ मार्चची चूक मोबाइलवरच्या बोलण्याची होती, तोंडच्या बोलण्याची नव्हती. मी दोन्ही एकाच ओळीत बंद केलं.

साहेबांनी ते २७ ला संध्याकाळी वाचलं, दोनदा.

"हे तुम्ही स्वतःच्या विरोधात लिहिलंय."

"जे झालं ते लिहिलंय, सर."

"राजकारणावर भांडण ही सुरक्षिततेची उपाययोजना आहे, असं मी वर कळवू?"

"मोठ्यानं बोलणं म्हणा. ते भांडतात, कारण त्यांना दुसरं येत नाही."

साहेबांना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. "तुम्हाला नोटीस काढावी लागेल. गोपनीय अहवालात शेरा जाईल. पदोन्नती दोन वर्षांवर आहे तुमची."

"माहीत आहे."

"मजुराचं नाव वगळलं तर यातलं काही लागत नाही. विचार करा, ३१ ला अजून चार दिवस आहेत."

तिनं तिथंच खुर्चीत बसून मजुरांची यादी भरली. मंगरू उसेंडी, अनुक्रमांक चार, बारावं वर्ष. सही केली आणि कागद साहेबांसमोर सरकवला. नोटीस २ एप्रिलला आली. तिनं खुलासा दिला. शेरा जायचा तो गेला.

३ एप्रिलला कुटीच्या दारावर नवा आदेश लागला. मोबाइलचा फायर ग्रुप फक्त आगीसाठी. गस्तीदरम्यान दोघांनी शेजारी चालावं आणि सतत मोठ्यानं बोलावं. विषयाचं बंधन नाही.

प्रफुल १५ एप्रिलला कामावर आला. डाव्या हाताला पट्टी होती, चालणं ठीक होतं. ज्योत्स्नानं त्याला कुटीवरचं काम देऊ केलं, पण त्यानं गस्तच मागितली. दोघं निघाले. परत आले तेव्हा लटारूभाऊ पायरीवर बसून बिडी ओढत होते आणि चूल विझलेली होती.

"बाई," ते नंतर म्हणाले, "आवाज नाई."

"आदेश तर बदलला."

"आदेशानं बंद होते. आदेशानं चालू नाई होत."

तिनं प्रफुलला विचारलं. तो आधी टाळाटाळ करत होता. मग म्हणाला, "मॅडम, त्यानं मले पाठीवर घेतलं दीड किलोमीटर. आता त्याले येडा कसा म्हनू? लोक का म्हनतीन?"

मंगरूला विचारलं. "जखमी मानूस आहे, मॅडम. त्याच्यासंग वाद घालाचा म्हंजे बरं नाई दिसत. तो खान म्हनला त मी हो म्हनीन, असं ठरवलं होतं. तो म्हनलाच नाई."

१७ एप्रिलला ज्योत्स्ना त्यांच्याबरोबर गस्तीला गेली. तिघं ओळीनं नव्हे, शेजारी चालत होते, आदेशाप्रमाणे. पहिल्या तासात बोलणं झालं ते असं. प्रफुल म्हणाला, ऊन लय तपून राह्यलं. मंगरू म्हणाला, हो, तपूनच राह्यलं. ज्योत्स्ना म्हणाली, एप्रिल आहे. पुढे मोहाची पाच झाडं दिसू लागली. शेवटचा मोह गळत होता, त्याचा वास वाटेपर्यंत येत होता आणि वारा समोरून होता. प्रफुलचा उजवा हात पट्टीवर गेलेला तिला दिसला. पावलं हळू झाली. कोणीच बोलत नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते मोठ्यानं हवं होतं. तिच्या तोंडून आलं ते तिनं अठरा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

"मी मागच्या दोन्ही निवडणुकींत मतदान केलं नाही."

दोघं थांबले.

"का म्हनले?" प्रफुल म्हणाला.

"मतदान केलं नाही. नाव अजून भद्रावतीच्या यादीत आहे. जायचं-यायचं झालं नाही."

"दोन्ही?" मंगरूचा आवाज चढला. "आमदारकीलेबी अन् त्याच्या आधीबी? माझी माय ऐंशी वर्साची आहे, मॅडम! नदी पार करून गेली होती ते! बैलबंडीत बसून!"

"आमची माय त दवाखान्यातून सुट्टी घेऊन गेली," प्रफुल म्हणाला. तोही आता ओरडत होता आणि नेहमीसारखा वाटेच्या मधोमध उभा होता. "अठरा वर्स इथी राह्यता, इथचं पानी पेता, अन् नाव भद्रावतीले? फॉर्म आठ भराचा ना! मोबाइलवर भरते! पाच मिनिटांचं काम आहे!"

"वेळ मिळाला नाही रे."

"वेळ नाई? आमच्यासाठी पाचवी ओळ लिवाले वेळ होता!"

"बरोबर बोलला हा," मंगरू म्हणाला. "मी याच्या पक्षाले जलमात मत देनार नाई. पन बरोबर बोलला."

"तुया मतानं का फरक पडते बे? तुमचा मानूस पडनारच आहे."

"पडनार? कोन म्हनते? तुया तो व्हिडिओवाला?"

"पायजो."

"पायतो. घुग्घुसच्या खानीवर जाऊन ये पयले. तिथचे झाडं कोन्या रंगाचे आहे ते पाय, अन् मंग खानीचं मले सांग."

"अन् माझा भाऊ चाकनले कंपनीत बारा तास उभा राह्यते ते कोन पायन? तू?"

"मॅडम, तुमी सांगा," दोघं एकदमच म्हणाले.

"मला विचारू नका," ज्योत्स्ना म्हणाली. "मी तर मतदानच करत नाही."

"तेच त!" प्रफुल म्हणाला आणि त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून धरलं.

ते मोहांच्या झाडांखालून गेले तेव्हा मंगरू तिला ऐंशी वर्षांच्या मायचं सांगत होता, दुसऱ्यांदा. मोडक्या फांदीच्या पलीकडे अस्वलाची विष्ठा होती, मोहाच्या फुलांनी भरलेली. प्रफुलनं वाकून पाहिलं, ओली होती. पंधरा-वीस मिनिटांपूर्वीची असावी. पलीकडच्या उतारावर दगड सरकल्याच्या खुणा होत्या, नाल्याच्या दिशेनं नव्हे, वर डोंगराकडे. त्यानं मोबाइलवर नोंद केली. अस्वल, प्रत्यक्ष दर्शन निरंक, खुणा ताज्या. नोंद करतानाही तो बोलतच होता.

फेरीला चार तास पाच मिनिटं लागली.

कुटीवर पोहोचले तेव्हा चूल पेटलेली होती आणि गंजातला चहा वर येत होता. लटारूभाऊंनी चार कप ओळीनं मांडून ठेवले होते. पहिला कप त्यांनी ज्योत्स्नाच्या हातात दिला आणि तिथंच उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं नाव अजून भद्रावतीले काऊन आहे?"